दुभाषी क्रमांक ४४१७

हामारमधल्या माझ्या स्वयंपाकघरातून
रात्री दोन चाळीसला
मी द्रामेनच्या एका बाईचं बाळंतपण करायला बसते.
बसते म्हणजे उभी राहते,
फ्रिजला कपाळ टेकून.
नाव सांगायचं नाही, असा नियम आहे.
मी म्हणते, दुभाषी, चार चार एक सात.

सुईण विचारते, एक ते दहा, किती दुखतंय?
मी तिग्रिन्यात विचारते, एक ते दहा, किती दुखतंय?
अकबेरेत म्हणते, हाफ्तेय, बहिणी,
आपल्याकडे कुणी कधी दुखणं मोजलंय का?
मी सांगते, त्या सात म्हणतात.
काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही, हाही नियमच.
तो मी असा रोज, थोडा थोडा मोडते.

कळा येतात एका भाषेत
आणि कळायच्या असतात दुसऱ्या.
मधे मी, मिनिटाच्या दराने.

गेल्या थंडीत आम्हा दुभाष्यांना एका सभागृहात बोलावलं होतं.
पडद्यावर दोन खांब.
ठेंगण्याखाली लिहिलेलं, सर्वसाधारण लोकसंख्या.
उंच होता त्याच्याखाली आम्ही.
एक तरुण संशोधक, कानात बारीक बाळी, फार सालस,
सांगत होता,
वय वजा केलं, वजन वजा केलं, साखर वजा केली,
शिक्षण, पगार, इथे येऊन किती वर्षं झाली तेही,
तरी हा खांब त्या खांबाएवढा होत नाही.
काहीतरी उरतं, म्हणाला.
मधल्या सुट्टीत मी दालचिनीचा पाव खात होते
आणि दुसरा हात आपसूक पोटावर गेला होता,
आडवी रेघ आहे तिथे.

ती रेघ अकरा वर्षांची. माझ्या योनासएवढी.
तेव्हा फोन लावला नव्हता कुणी.
दिराचा मुलगा होता, नऊ वर्षांचा.
काकू, ते म्हणतात झोप.
मी झोपले.
का कापलं ते कळायला चार वर्षं गेली,
भाषा शिकले, मग कागद मागवले.
दीड ओळ होती. शेवटी लिहिलेलं,
रुग्णाने सहकार्य केले नाही.

तर अकबेरेत.
तीन वाजून चार मिनिटांनी म्हणाली, गप्प झालंय.
मी म्हटलं, त्या म्हणतात बाळ गप्प झालंय.
तूरुन, ती सुईण, म्हणाली, यंत्र ठीक दाखवतंय,
घाबरू नको म्हणावं.
मी म्हटलं, घाबरू नको.
हाफ्तेय, मी घाबरत नाहीये. सांगतेय.

फरक आवाजात होता.
आवाजाचे पैसे धरत नाहीत.

मी एक वाक्य जास्तीचं घातलं.
माझं.
यंत्र राहू द्या, हात लावून बघा.

तिकडे कुणीच काही बोललं नाही.
मग तूरुनचा आवाज, दुसऱ्याच कुणाकडे वळलेला.
मग चाकं.
फोन कुठेतरी पडून राहिला, चादरीत असेल,
सगळं कापसातून ऐकू येत होतं,
दारं, धावणारे बूट, एक धातूचं भांडं,
आणि लांबून अकबेरेत,
अजून माझ्याशीच बोलणारी.
मी फ्रिजला धरून हो म्हणत होते,
हो, हो,
तिथे कुणाला ऐकू जाणार नव्हतं तरी.

नंतर कुणीतरी फोन उचलला, आभार मानले, बंद केला.
बाई मोकळी झाली का,
हे उलट फोन करून विचारायचं नसतं.

बिलावर लिहिलं, एक्केचाळीस मिनिटं.
विशेष नोंद, या रकान्यावर पेन टेकवून ठेवलं
तिथे एक निळा ठिपका वाढत गेला.

योनास पाणी प्यायला उठून आला.
म्हणाला, कुणाला हो हो म्हणत होतीस?
मी नॉर्वेजियनमध्ये म्हटलं, कामाचा फोन.
मग काय झालं ते आमच्या भाषेत सांगायला लागले,
आणि त्याला निम्मंच कळलं.